दृश्य : वायरीच्या बाजूनं

शिरोलीत, फौंड्रीच्या मागल्या गाळ्यात
वर माझा संगणक,
खाली शालनताई मगदूम
आणि तिचा खिळे ठोकलेला फळा.
मधे अकरा लोखंडी पायऱ्या.

मी केबल काढतो.
म्हणजे एक रेघ ओढतो डावीकडून उजवीकडं,
मधेच दोन नागमोडी काप,
कारण दीड मीटर कागदात मावत नाही.
दोन्ही टोकांना लायब्ररीतून उचललेले कनेक्टर.
क्लिक. फिरव. क्लिक.
बाण, माप : चौदाशे पन्नास, अधिक-उणे दहा.
लाल, काळी, हिरवी, पांढरी
आणि वरून विणलेली उघडी जाळी,
जी एकाच टोकाला जोडायची,
दुसऱ्या टोकाला कापून झाकून टाकायची.
टीप क्रमांक चार.
टिपा कुणी वाचत नाही.

ही केबल उसाच्या वजनकाट्याची.
हंगाम तोंडावर, कारखान्याचे फोनावर फोन,
पहिला नग जोडून झाला दुपारी तीनला.
काट्यावर वीस किलोचं वजन ठेवलं,
इथल्याच भट्टीतलं, अजून वाळूचा वास असलेलं.
पडद्यावर आकडा उमटला :
उणे वीस.

मी ड्रॉइंग तपासलं. बरोबर.
तक्ता तपासला. बरोबर.
एकला लाल, तीनला काळी,
दोनला हिरवी, चारला पांढरी.
पोरांनी दात काढले : बैलगाडी उतरली
की शेतकऱ्यानंच कारखान्याला ऊस द्यायचा व्हय?
शालनताई हसली नाही.
कनेक्टर उलटा करून तिनं माझ्या डोळ्यांपुढं धरला.
म्हणाली,
"माझ्याकडनं बघितलं न्हाईसा तुम्ही."

वर एक, खाली तीन, दोन्हीकडनं तेच.
पण माझ्या चित्रात दोन उजवीकडं,
तिच्या हातात दोन डावीकडं.
मी कनेक्टर काढला होता समोरून,
जणू मीच त्याचा जोडीदार,
तोंडाला तोंड भिडवायला आलेला.
ती मात्र कायम त्याच्या पाठीशी उभी,
चिमट्यात केसाएवढी तार,
नाकाशी सोल्डरचा धूर.
आकडे तर इतके बारीक कोरलेले
की चाळिशीनंतर ते वाचायचे नसतात,
चित्र बघून जागा धरायची असते.

तिचं माहेर हुपरीचं.
परकरात होती तेव्हापासनं
पैंजणाच्या कड्या जोडलेल्या, शेकड्यावर.
"घालणारीला वरची बाजू दिसती," ती म्हणाली,
"आमाला आतली. आतली चुकली
की पाय सोलतो."
आणि मग, निघालोच आहे विषयावर
म्हणून असेल :
"त्ये चौदाशे पन्नास बी तुमी सरळ मोजलासा.
तार वळणावर लांबी खाती, साहेब.
पन्हाळा काय काकानं फुट्टपट्टी लावून गाठलाय?"
काका म्हणजे तिचा नवरा, वडाप चालवायचा.

अकरा पायऱ्या चढून वर आलो.
फाईल उघडली.
कनेक्टर निवडला, आरशात पालटला.
एका क्षणात दोन आणि चारनं जागा बदलल्या,
काहीच आवाज झाला नाही.
लांबी चौदाशे नव्वद.
सुधारणा क्रमांक : ब.
कारण : यासाठी चौकट एवढीशी असते.
'तपासणार'च्या रकान्यात
यादीतलीच तीन नावं निवडता येतात,
तिघंही पुण्यात बसतात.

तेव्हा टीप सात घातली :
दृश्य वायरीच्या बाजूनं,
म्हणजे शालनताई जिथं उभ्या असतात तिथून.

आज पुण्याहून विचारणा आलीय :
टीप सात स्पष्ट करावी.
खाली काट्यावर अधिक वीस उमटतंय,
एकामागून एक, नव्वद नग.
ती फळ्यावरचा एक खिळा उपटून
चार बोटं पलीकडं ठोकतेय.
पुण्याला काय लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.